तुतीचा ओंडका आणि तुझं मोडलेलं धनुष्य

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. धनुष्याच्या दोन तुकड्यांचे फोटोही पाहिले. "लाकूडच कमअस्सल निघालं" असं तू लिहिलंयस. नाही रे, त्या लाकडाला बोल लावू नकोस. फोटो मोठा करून बघ. मुठीपासून वीतभर अंतरावर पाठीवरच्या, म्हणजे आपल्यापासून दूर असणाऱ्या बाजूवरच्या, लाकडाच्या रेषा तिरप्या होत होत कडेबाहेर निघून गेल्यात आणि नेमकी तिथूनच ती लांबट ढलपी उचलली गेलीय. तुझी फळी करवतीने चिरलेली होती. करवतीला रेषेशी काही देणंघेणं नसतं, ती मारलेल्या खुणेवरून सरळ जाते. खेचलं तर लाकूड तंतूंच्या लांबीत चिवट असतं, पण तंतू एकमेकांपासून सुटायला वेळ लागत नाही. दोरी ओढली की धनुष्याच्या पाठीवर सगळा ताण येतो. तिथे तंतू मध्येच कापलेले असले, की तू कितीही हळुवार रंधा मारलेला असो, ते सुटणारच. फळीतूनही चांगलं धनुष्य होतं, नाही असं नाही. पण मग रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली फळी शंभरातून निवडावी लागते.

म्हणून म्हणतो, एकदा ओंडका फोडून बघ. मी गेल्या रविवारी तुतीचा फोडला, अजून खांदे भरलेले आहेत.

तुती का, असं विचारशील. धनुष्य करणारे ज्याच्यावर जीव टाकतात ते ओसेज ऑरेंज हे अमेरिकेतलं झाड तुतीच्याच कुळातलं. तुती त्याच्याहून हलकी आणि जरा मऊ, पण घडण तीच: बाहेर पांढऱ्या लाकडाचा पातळ थर, आत हळदीसारखी पिवळी नार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड. ती उजेडात राहून राहून तपकिरी होते. बाकी हिकरी, ॲश, एल्म, मेपल, सगळ्यांची धनुष्यं होतात. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्मची आहेत. तेव्हा कुठलं झाड यापेक्षा कसं झाड हेच जास्त बघायचं.

आणि कसं झाड ते सालीवरून कळतं. सालीवरच्या भेगा खोडाला वळसा घालत वर जात असतील, तर आत तंतूही तसेच वळलेले. मी पूर्वी अशा एका झाडाच्या मोहात पडलो होतो. बाहेरून अगदी खांबासारखं सरळ. फोडल्यावर फाक निघाली ती विमानाच्या पंख्यासारखी, एक टोक आडवं, दुसरं उभं. वाफ देऊन सरळ करू म्हटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जाईना. थोडा पीळ चालतो, तेवढा नाही. तसंच एकट्याने मोकळ्यावर वाढलेलं झाड टाळ. त्याला खालपासून फांद्या फुटतात, म्हणजे गाठीच गाठी. दाटीत उजेडासाठी वर पळालेलं झाड बघ. कललेलं नको, त्याच्या दोन बाजूंचं लाकूड एकसारखं नसतं. वीतभर व्यासाचं आणि आपल्या उंचीहून थोडं जास्त सरळ खोड मिळालं की पुरे. मी 190 सेंटीमीटर ठेवलं, टोकांचं लाकूड वाया जातं हे धरून.

तोडलं हिवाळ्यात. थंडीत कीड कमी आणि लाकूड सावकाश सुकतं. वसंतात तोडलं तर साल केळीसारखी सोलून निघते, हिकरी किंवा ॲशला ते सोयीचंच, सालीखालचा थर आयती पाठ म्हणून मिळतो. तुतीची पाठ मी आतल्या पिवळ्या लाकडात काढणार, तेव्हा साल चिकटून राहिली तरी बिघडत नाही.

आता जी चूक मी केली ती तू करू नकोस. पहिल्या वेळी झाड पाडून इतका दमलो, की ओंडका तसाच ठेवून झोपलो आणि पुढचे दोन दिवस फिरकलोच नाही. गेलो तेव्हा दोन्ही टोकांना गाभ्यातून चांदणीसारखे तडे गेले होते. टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा दहापंधरा पटींनी लवकर उडतं. शिवाय लाकूड घेराच्या दिशेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने, त्यामुळे अख्खा गोल ओंडका सुकताना कुठेतरी फाटणारच. उपाय दोन: करवत खाली ठेवायच्या आधी टोकांना लाकडाच्या गोंदाचा जाड थर, आणि जमेल तितक्या लवकर फोडणं. या वेळी गोंदाचा डबा खिशातच ठेवला होता म्हण ना.

फोडणं कसं झालं ते ऐक. ओंडका आडवा टाकला, दोन्ही बाजूंनी दगड लावले. तोंडावर गाभ्याचा ठिपका बघितला. त्यातून जाणारी अशी रेघ निवडली, की दिसणाऱ्या दोन्ही गाठी तिच्यावरच याव्यात आणि चारही फाकांत पसरू नयेत. त्या रेघेवर कुऱ्हाडीचं पातं ठेवून मागून हलके ठोके दिले. मग पाचर. पहिले चारपाच घाव काहीच नाही, नुसता बद्द आवाज. सहाव्याला आवाज बदलला, खणखणीत झाला, आणि तोंडावर केसाएवढी रेघ उमटली. इथे माणसाला चेव येतो. येऊ द्यायचा नाही. घण खाली ठेवून मी थांबलो, तर लाकूड आपलं आपणच बोलत होतं: टक्, टक्, मग लांब करकर. भेग बाजूने हातभर पुढे गेली होती. तिथे दुसरी पाचर, ती बसली की पहिली आपसूक सैल, ती काढून आणखी पुढे. भेगेत आडवे ताणलेले पिवळे तंतू हातकुऱ्हाडीने तोडायचे. बोटं आत घालायची नाहीत, पाचर उडाली तर भेग मिटते. आणि चष्मा लाव. लोखंडी पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलतं, त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

शेवटचा तंतू तुटला आणि दोन्ही अर्ध्या भागांची टोकं एकमेकांपासून दूर वळली, सालीच्या बाजूला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलोच होतो. उभ्या झाडात बाहेरचं लाकूड ताणलेलं असतं आणि आतलं दाबलेलं, सुटका होताच दोघं आपापल्या मनासारखं करतात. आपल्याला ते फायद्याचंच, तो उलटा बाक धनुष्याला हवाच असतो.

अर्ध्याचे पुन्हा अर्धे करायचे, कडेची पातळ फाक काढायला जायचं नाही. दोन्हीकडे सारखं लाकूड असलं तर भेग मधोमध चालते, नाहीतर पातळ बाजूकडे पळते. दुसऱ्या अर्ध्यात माझी तशीच पळाली. एक गाठ आली, भेग तिला बगल देऊन गेली ती परत आलीच नाही. ती फाक शेवटाला मनगटाएवढी उरली. त्याच अर्ध्याची दुसरी फाक ती गाठ पोटात घेऊन बसलीय. म्हणजे दिवसभर घण मारून चारपैकी धनुष्याजोग्या दोनच. मला वाईट वाटलं नाही. आल्प्सच्या बर्फात 1991 साली जो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, त्याच्याजवळ यू लाकडाचं 182 सेंटीमीटरचं अर्धवट धनुष्य होतं, तासल्याच्या खुणा तशाच. सोबत तांब्याची कुऱ्हाड. त्याने तरी किती फाका टाकून दिल्या असतील देव जाणे.

त्या दोन्हींचा गाभा कुऱ्हाडीने उतरवला, साल काढली, कारण भुंगेरे तिच्याच खाली अंडी घालतात. साल काढली की पाठही उघडी पडते, म्हणून तिथेही गोंद फासला. पांढऱ्या लाकडाचा थर फाक सुकल्यावर काढेन. मग दोन मुठींच्या सुऱ्याने एकाच वाढीच्या वर्तुळावर येईपर्यंत पाठ खरवडायची, टोकापासून टोकापर्यंत तेच वर्तुळ. ते वेगळं पत्र होईल.

दोन्ही फाका सावलीत, वारा लागेल अशा फळीवर आडव्या ठेवल्यात. टोकावर पेन्सिलीने वजन लिहून ठेवतो. तुझ्या फाकेचं पहिलं वजन 9 किलो 300 ग्रॅम, काल 8 किलो 900. आकडा महिनाभर हलला नाही की सुकली समजायचं. वर्ष तरी जाईल. हो, तुझीच म्हटलं. सरळ आहे ती तुझी, जरा सापासारखी वळलेली माझी. घाईने उन्हात ठेवू नकोस असं सांगायची गरज पडू नये म्हणून ती सध्या माझ्याकडेच राहील.

आणि ते तुटके तुकडे टाकू नकोस, येताना घेऊन ये. ढलपी कुठून सुटली ते हातात धरून बघायचंय.

तुझा,
घण उचलून वाकडा झालेला मित्र