पाटीवर गाडी कुठली तेही लिहा

मा. संपादक,

मी एसटीत 31 वर्षं वाहक होतो. आता वय 73. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार देणारी केंद्राची योजना 29 ऑक्टोबर 2024 ला, ऐन धनत्रयोदशीला सुरू झाली. पुढे गावात शिबिर लागलं आणि मीही 'आयुष्मान वय वंदना' कार्ड काढलं. माझा अंगठाच लागेना. जन्मभर तिकिटं पंच करून बोटं गुळगुळीत झालेली. ओटीपी गेला मुलाच्या मोबाइलवर. तो पहिल्या पाळीला, मोबाइल लॉकरमध्ये. शेवटी तिथल्या मुलीनं तिचा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "आजोबा, डोळे मिटा, उघडा, परत मिटा." तेवढ्यावर काम झालं! कार्डाबद्दल माझी तक्रार नाही. ते वापरायचं कसं, हे देताना कुणी सांगत नाही, ही तक्रार आहे.

माझे साडू 74 वर्षांचे. एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. भाच्यानं जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं, कारण दारावर योजनेची भलीमोठी पाटी होती. काउंटरवर कार्ड ठेवलं तर आतला माणूस म्हणाला, "योजना आहे, पण आमच्याकडे हाडांसाठी आहे. हृदयासाठी नाही." भरती करायची तर 20 हजार डिपॉझिट भरा. भाचा रात्री दीड वाजता पैशासाठी फोन फिरवत बसला. त्या माणसाचं बोलणं खोटं नव्हतं. दवाखाना योजनेत घेताना कुठल्या विभागासाठी घेतला हे ठरलेलं असतं, ते आम्हाला नंतर कळलं. पण पाटीवर त्यातलं एक अक्षर नव्हतं. आमच्या गाडीला नुसती 'एसटी' अशी पाटी लावली असती तर प्रवाशांनी आमचं काय केलं असतं? कुठं जाणार आणि कुठून जाणार, दोन्ही लिहावं लागायचं.

पहाटे त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. तिथल्या आरोग्यमित्रानं, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसानं, कार्ड पाहिलं, कागद केले, अँजिओप्लास्टी झाली. खिशातून एक रुपया गेला नाही, हेही लिहिलंच पाहिजे. फक्त घरी आल्यावर पहिल्या आठवड्याची औषधं भाच्यानं बाहेरून विकत आणली. भरती होण्याआधीच्या 3 दिवसांच्या तपासण्या आणि घरी सोडल्यानंतर 15 दिवसांची औषधं योजनेतच धरलेली असतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दुसरी गंमत पारावरची. आमच्यातले निम्मे लोक समजतात की कार्ड दाखवलं की शुगर-बीपीच्या गोळ्या फुकट. एकानं तर मेडिकलवाल्यापुढे कार्ड ठेवलं आणि चिठ्ठी पुढे केली. तो बिचारा हसू आवरत म्हणाला, "काका, हे भरती झाल्यावरचं." खरं तर म्हाताऱ्या माणसाचा दर महिन्याचा खर्च होतो तो याच गोळ्यांवर आणि तपासण्यांवर. भरती व्हायची वेळ कधीतरीच येते. योजना आखणाऱ्यांनी यावर विचार करावा, पण तो मोठा विषय आहे. निदान नाही ते नाही म्हणून सांगा.

आणखी एक घोळ 5 लाखांचा. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असले तर रक्कम दोघांत मिळून 5 लाख, प्रत्येकी नाही. मात्र घर आधीच कुटुंबांसाठीच्या मूळ आयुष्मान योजनेत असेल तर म्हाताऱ्यांचे 5 लाख वेगळे. त्यात मुलंसुना वाटेकरी नाहीत. खासगी विमा असला तरी कार्ड निघतं. जुना आजार असेल तर थांबावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून उपचार. केंद्राच्या पेन्शनरांना आणि माजी सैनिकांना मात्र आपली जुनी योजना किंवा ही, यातली एकच निवडावी लागते. एवढं कळायला मला तीन महिने आणि योजनेच्या 14555 या हेल्पलाइनवर बरेच फोन लागले.

म्हणून विनंती अशी. कार्डासोबत मोठ्या अक्षरातला एक मराठी कागद द्या. भरती लागते; कुठल्या आजारासाठी कुठला दवाखाना, आधी विचारा; आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय डिपॉझिट भरू नका. एवढंच, पण चष्मा न लावता वाचता येईल असं. आणि प्रत्येक दवाखान्याच्या पाटीवर योजनेच्या नावाखाली आजारांची नावं लिहायला लावा.

आमच्या घरचा प्रश्न मात्र कागदानं सुटायचा नाही. कार्डाला वय आधारवरचंच धरतात. 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमची ही दुसरीत होती, असं ती ठामपणे सांगते. आधारच्या शिबिरातल्या मुलानं अंदाजानं टाकलेली तारीख आहे 1 जून 1957. म्हणजे चार वर्षांची असताना दुसरीत! दुरुस्तीला गेलो तर जन्माचा दाखला मागतात, तो कुठून आणायचा? तोवर रेशनकार्डावरची, राज्याची उपचारांची महात्मा फुले योजना आहे, ती तिला चालते, म्हणून निभावलंय. वय वंदना कार्ड आता 1 जून 2027 ला.

– एक निवृत्त एसटी वाहक, जि. पुणे