धडधडणारी पट्टी आणि बायपास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘प्रयोगशाळेत हृदय धडधडले’ अशी बातमी आली की मला हमखास फोन येतात. परवा आतेभावाने विचारले, “ताई, म्हणजे माझी बायपास टळेल का गं?” नाही टळणार. बातमीतली ती ऊती म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेला हृदयस्नायूचा तुकडा; तिच्यात बहुधा रक्तवाहिन्याच नसतात. प्राणवायू भोवतालच्या द्रवातून झिरपतो, म्हणून तर ती फार जाड करता येत नाही. मग तुंबलेल्या धमनीचा प्रश्न ती कुठून सोडवणार?

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत असे. बेडकाच्या हृदयावर अ‍ॅड्रेनलिनचा थेंब पडला की ठोक्यांची नोंद करणाऱ्या, काजळी धरलेल्या ड्रमवरची रेघ ताडकन उंच जायची. आज तेच काम माणसाच्या पेशींवर होते, याचे मला अप्रूप आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकतील अशा, करून दाखवल्या. अशा पेशींपासून हृदयस्नायू घडवायला घेतले की साधारण दहा दिवसांत ते आपोआप आकुंचन पावू लागतात. मग जेलमध्ये मिसळून सिलिकॉनच्या दोन लवचीक खांबांमध्ये त्यांची काही मिलिमीटरची पट्टी तयार करतात. दर ठोक्याला खांब किंचित आत वाकतात. किती वाकले ते कॅमेरा टिपतो आणि त्यावरून जोर मोजतात.

बातमीत मात्र कौतुक होते ते आपोआप धडधडण्याचे. खरे तर ते कोवळेपणाचे लक्षण. प्रौढ माणसाच्या जवनिकेतल्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्या) पेशी एरवी संदेश आल्याशिवाय आकुंचन पावत नाहीत. प्रयोगशाळेतल्या या पेशी मात्र गर्भातल्या पेशींसारख्या, चरबीपेक्षा साखरेवर जास्त चालणाऱ्या. वर्षानुवर्षे रक्तदाब आणि मधुमेह सोसलेले सत्तरीतले हृदय त्यांच्यात शोधू नये.

त्यांचा उपयोग आहे तो निराळाच, आणि मोठा. उंदराच्या हृदयाचे मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्यानंतर विद्युतदृष्ट्या पूर्ववत होण्याची त्याची रीतही आपल्याहून वेगळी. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचे औषध ठोक्यांची लय घातकरीत्या बिघडवते, हे ते बाजारात आल्यावर कळले. असले दोष आधीच हेरायला माणसाच्याच पेशी हव्यात. कर्करोगावरचे डॉक्सोरुबिसिन काहींचे हृदय दुबळे करते, काहींना काहीच होत नाही. २०१६ च्या एका अभ्यासात, ज्या रुग्णांच्या हृदयाला इजा झाली होती त्यांच्याच पेशींपासून घडवलेले हृदयस्नायू त्या औषधाला लवकर बळी पडले. माझ्या मते पहिल्या पानावर यायला हवी होती ती ही गोष्ट.

एक विनंती. सूक्ष्मदर्शकातले छायाचित्र चार रकान्यांत छापता, तेव्हा ती पट्टी तळहाताएवढी दिसते. खाली मोजपट्टी छापत जा, आणि कोणत्या आजारासाठी ती बनवली तेही पहिल्याच परिच्छेदात सांगा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका