रानफुलांचा मुकुट मागच्या बाजूनंही दाखवा

महोदय,

राजघराण्यांच्या टिआरांवरचा, म्हणजे डोक्यावरच्या जडावाच्या मुकुटांवरचा, आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो सुरेख, पण मजकूर सगळा किमतीचा आणि कोणी कधी घातला याचा. मी हिऱ्यांचं जडाईकाम करते, म्हणून राहवलं नाही.

स्ट्रॅथमोर टिआराला आपण नुसतं ‘गुलाबांचा’ म्हटलंय. १९२३ मध्ये लेडी एलिझाबेथ बोज-लायन (पुढे ब्रिटनच्या राणी) यांना लग्नात वडिलांनी दिलेला, २०२३ मध्ये ब्रिटनचे युवराज विल्यम यांच्या पत्नी केट यांनी मेजवानीला घातलेला तोच. ते रानगुलाब आहेत, एकेरी पाकळ्यांचे. बागेतल्या भरगच्च गुलाबात कारागिराची चूक पाकळ्यांच्या गर्दीत खपून जाते. इथे लपायला जागाच नाही! पाकळीची कड जरा जाड राहिली की फूल पत्र्याचं दिसतं.

अठराव्या शतकापासून अशी फुलं बारीक स्प्रिंगवर बसवत आलेत. मान हलली की फूल थरथरतं आणि हिरे जास्त चमकतात. स्प्रिंग कडक झाली तर फूल ढिम्म, सैल झाली तर शेजारच्या पानावर आपटतं आणि पुढेमागे खडा ढिला होतो. ही तार किती वळवायची ते बोटांनाच कळतं.

प्लॅटिनम रुळण्याआधी हिरे चांदीत जडवत, कारण सोन्याची पिवळी झाक हिऱ्यात उतरते. मागच्या बाजूला मात्र सोनं. नुसती चांदी काळी पडते, तिचे डाग केसांना, कपाळाला लागतात. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

हल्ली कॉम्प्युटरवर अर्धं डिझाइन काढतात आणि उरलेलं आरशासारखं उलटवतात. डोक्यावर तोल सांभाळायला सोयीचं आहे, मीही तशी कामं करते. पण रानफुलांना ते सोसत नाही. एक कळी वर, एक खाली मान घातलेली, एखादं पान दुमडलेलं, असं हवं. तोल राखूनही हे जमतं. १८११च्या सुमारास पॅरिसचे जवाहिरे नितो यांनी गव्हाच्या ओंब्यांचा टिआरा घडवला. त्यातल्या नऊ ओंब्या वाऱ्यानं झुकल्यासारख्या आहेत.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा एक फोटो मागच्या बाजूचा द्या. स्क्रू, बिजागऱ्या, डाक लावून (धातू वितळवून) जोडलेले सांधे, सगळं तिथंच असतं. आणि घडवणाऱ्याचं नाव माहीत असेल तर तेही छापा.

— एक जडाई कारागीर