तक्रार: एकदा उघडली की संपवावीच लागणारी बाटली 'सवडीने' कशी वापरायची?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल दुपारचा फोन पाचवा होता. सहावा करणार नाही, म्हणून हे लेखी.

तुमच्या कार डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी घरी चकाकवायच्या, संचावर ठळक छापलंय: 'सवडीने करा. हवं तेव्हा थांबा, हवं तेव्हा पुढे सुरू करा.' आत 30 मि.ली. कोटिंगची (रंगावर कडक, चकचकीत थर देणाऱ्या द्रवाची) एक बाटली, ते लावायला स्वेडचं (मऊ, लवदार कापडाचं) एक फडकं आणि पाच ओळींचं पत्रक. खोक्यावरचं वाक्य या तीन वस्तूच खोटं पाडतात. माल तुमचा आहे, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक नसेल असं मानत नाही.

कोटिंग हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, तो त्याचा गुणच. पण सील तुटलं की तोच ओलावा बाटलीतही शिरतो. मेअखेरच्या रविवारी बॉनेट आणि डावी बाजू होऊन अर्धी बाटली उरली. झाकण घट्ट लावून घरात, कपाटात ठेवली. मृग लागल्यावरची बेळगावची हवा सांगायला नको, मिठाच्या बरणीला विचारा. तिसऱ्या रविवारी बाटलीच्या तोंडाशी साखरेसारखे खडे, आणि आतलं कोटिंग काकवीसारखं दाट. फडकं तर पहिल्याच रात्री वाळून पापड झालं. पत्रक म्हणतं, 'फडकं धुऊन पुन्हा वापरा'. अहो, वाळलेलं कोटिंग धुऊन निघत असतं तर ते गाडीवर कशाला लावलं असतं? असं कडक फडकं फिरवलं की क्लिअरकोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक ओरखडे येतात. दर एक-दोन पॅनलला (दार, बॉनेट असा पत्र्याचा एकेक भाग) नवा तुकडा लागतो. तुम्ही दिलाय एक.

काम मध्ये थांबवता येत नाही असं नाही. कुठे थांबता येतं, ते पत्रकात नाही. म्हणून लिहितो, पुढच्या छपाईला फुकट वापरा.

धुऊन, कोरडी करून गाडी सोडली तर काही बिघडत नाही. लोखंडी कण काढणारा द्रव मारल्यावर मात्र हलायचं नाही. उद्यमबागेत फाउंड्रीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा द्रव लागतोच. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून दारावरून फिरवा, पॉलिश पेपरसारखं लागतं. द्रव मारल्यावर जांभळे ओघळ उतरतात, कुजक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, तो धुवावा लागतो. वाळला की डाग. तेवढ्यात दाराची बेल वाजली तर आधी पाणी मारायचं, मग दार उघडायचं. क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा, कुठल्याही पॅनलनंतर थांबवता येते. फक्त पॅनल पुसून सोडायचं आणि क्ले डबीत ठेवायची. खाली पडली तर टाकून द्यायची, मातीतले खडे घेऊन ती परत रंगावर फिरवायची नाही. पॅनल वाइप (कोटिंगआधी तेलकटपणा काढणारी पुसणी) आज आणि कोटिंग उद्या, हे चालत नाही. खानापूर, जांबोटीकडची तांबडी धूळ एका रात्रीत बसते, म्हणजे वाइप पुन्हा.

आणि कोटिंग. इथे थांबायची जागा एकच, पुसून झालेल्या पॅनलनंतर. दार मोठं असेल तर अर्धं अर्धं, दोन फूट बाय दोन फूट, असं घ्यायचं. पत्रकात 'पाच मिनिटांनी पुसा' आहे. तापलेल्या पत्र्यावर मिनिटभरातच तेल सांडल्यासारखे इंद्रधनुष्याचे रंग दिसायला लागतात. ते दिसले की पुसायचं, घड्याळ बघायचं नाही. पाच मिनिटं थांबलं की पुसणारं फडकं अडकायला लागतं.

मुख्य तक्रार यानंतरची. डाव्या मागच्या दाराला कोटिंग लावून झालं आणि लाईट गेली, वीस मिनिटं. पोर्चमध्ये अंधार, पुसलं ते अंदाजाने. लाईट आल्यावर राखाडी रंगावर तेलकट पट्टे, हात लांब करून मोजता येतील असे. तासाच्या आत तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, "रात्रभर राहू द्या सर, उद्या शॅम्पूने निघेल." हा सल्ला नुसता चुकीचा नव्हे, नुकसान करणारा आहे. त्याच तासात पट्ट्यांवर ताज्या कोटिंगचे चार थेंब फिरवून लगेच पुसलं असतं तर ते सुटले असते. एक रात्र गेली की पॉलिश करूनच काढावे लागतात, म्हणजे त्या दारावरचं कोटिंगही जातं. शॅम्पूने निघणाऱ्या वस्तूचे तुम्ही 2,400 रुपये घेता का?

दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनवर फक्त पत्ता विचारला. "बेळगाव म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक, सर?" तो सीमावादाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुम्ही पिनकोड बघा, 590 ने सुरू होतो, कुरिअर बरोबर पोचतं. चौथ्या फोनवर गाणं ऐकलं.

कालचा संवाद मात्र जसाच्या तसा देतो.

"सर, मध्येच थांबायचं नव्हतं. सलग चार तास काढायचे होते."

"खोक्यावर हवं तेव्हा थांबा असं लिहिलंय."

"ते मार्केटिंगचं आहे, सर."

"मग पट्ट्यांचं काय करू?"

"गाडी कुठल्या रंगाची?"

"राखाडी."

(इथे बराच वेळ टाईप केल्याचा आवाज.)

"मग सर, गाडी सावलीत लावत जा. सावलीत पट्टे दिसणार नाहीत."

सावलीत लावत जा! कोटिंग चकाकीसाठी विकायचं आणि गाडी झाकून ठेवायला सांगायचं. याच हिशेबाने अंधारात लावली तर संच न घेताही गाडी नवीच दिसेल. त्यावर तुमच्या माणसाने हसून "आणखी काही मदत करू शकतो का?" हेही विचारलं. मदत अजून सुरूच झाली नव्हती.

मागणी अशी. 30 मि.ली.च्या एका बाटलीऐवजी 10 मि.ली.च्या तीन सीलबंद बाटल्या आणि स्वेडचे किमान आठ तुकडे. सवडीने काम करणाऱ्याला एवढं पुरतं, आणि तुमच्या खोक्यावरचं वाक्यही खरं होतं. डाव्या मागच्या दाराच्या पॉलिशिंगचा खर्च. संचाचे 2,400 परत. पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये. सध्याचं इंग्रजी आणि हिंदीत आहे, तेही पाच ओळी, त्यातल्या दोन चुकीच्या (पाच मिनिटं आणि फडकं धुणं, पुन्हा सांगतो).

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद होईल आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला फी नाही. तुमच्या वकिलाला मात्र बेळगावला यावं लागेल. राज्य कुठलं ते त्यालाच विचारू द्या.

तुमचा शॅम्पू आणि क्ले चांगली आहे, बरीच वर्षं वापरात आहेत. म्हणून संच घेतला होता.

आपला,
एक ग्राहक, बेळगाव

ता. क. पावती, दाराचे उन्हातले फोटो आणि बाटलीचा बॅच क्रमांक सोबत आहे. बाटली पाठवत नाही, ती आयोगापुढे लागेल. झाकण आता तसंही उघडत नाही.