कोऱ्या रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या ताईंना

नागपूर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची संस्था पूर्व नागपुरातल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवते आणि त्या सगळ्या वर्गांचे हजेरीपट तुमच्या कपाटात असतात. संख्याशास्त्राच्या आणि कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांचे गट प्रकल्पासाठी तुमच्याकडे येतात, माहिती नेतात, आलेख काढतात आणि अहवालाच्या शेवटी ‘संस्थेचे सहकार्य लाभले’ अशी एक ओळ लिहितात. त्या ओळीत तुमचं काम दिसत नाही. आम्ही या गटांचे मार्गदर्शक. गटाचं उत्तर बरोबर येतं तेव्हा त्यात तुमचा हात नेमका कुठे असतो हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर आणि तपशिलासकट मानतो आहोत.

सर्वांत आधी आभार कोऱ्या रकान्यासाठी.

हजेरीपटाच्या एका पानावर ३० मुलं आणि ३१ दिवस, म्हणजे ९३० रकाने. वर्षाचे झाले ११,१६०, तेही एकाच वर्गाचे. त्यातले बरेच कोरे असतात. नवा गट ते टाइप करताना कोऱ्या जागी शून्य घालतो आणि शून्य म्हणजे गैरहजर असं धरून पुढे निघतो. तुम्ही प्रत्येक गटाला पान उघडून दाखवता की कोरी जागा चार तऱ्हेची असते. वर्ग बंद होता, म्हणून उभा रकाना सबंध कोरा. मूल त्या तारखेपर्यंत दाखलच झालं नव्हतं, म्हणून आडव्या ओळीचा सुरुवातीचा भाग कोरा. कुटुंब गावी गेलं किंवा वस्ती सोडून गेलं, म्हणून ओळीचा शेवट कोरा. आणि वर्ग भरला, मुलं आली, पण शिक्षिकेला हजेरी मांडायला वेळ मिळाला नाही. यातली एकही जागा ‘गैरहजर’ नाही. गैरहजेरीसाठी तुमच्याकडे ‘गै’ लिहिलेलं असतं.

ही चार कारणं वेगळी ठेवली नाहीत तर आकडेवारीत मोठी गळती दिसते, जी वस्तीत झालेलीच नसते. उलटही होतं. कोरे रकाने सरसकट वगळले की गावी गेलेली मुलं हिशेबातून नाहीशी होतात आणि वर्गाची टक्केवारी उगाच छान दिसते. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘अनुपलब्ध निरीक्षणे’ असं प्रकरण असतं, पण नोंद का नाही हे पुस्तकाला सांगता येत नाही. ते नोंदवही ठेवणाऱ्यालाच माहीत असतं. तुमच्यामुळे आता प्रत्येक गट टाइप करण्याआधी सहा खुणा ठरवतो: ह, गै, बंद, दाखल नाही, गावी किंवा वस्तीबाहेर, नोंद नाही. रकाना कोरा ठेवायचाच नाही. टाइपिंग झाल्यावर एखादा रकाना कोरा दिसला तर तो टायपिंगमध्ये सुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

याच धाग्याने भागाकाराचा प्रश्न येतो. जुलैत वर्ग २४ दिवस भरला. एक मुलगी उशिरा दाखल झाली, तिच्या वाट्याला शेवटचे १० दिवस आले आणि ती ९ दिवस हजर राहिली. २४ ने भागलं तर साडेसदतीस टक्के, १० ने भागलं तर नव्वद. पहिल्या आकड्यावरून ‘अनियमित मुलं’ या यादीत तिचं नाव जातं, घरी कुणीतरी विचारपूस करायला जातं आणि आईला उगाच खजील व्हावं लागतं. छेद चुकला की माणसांना त्रास होतो, हे तुम्ही मुलांना ज्या गांभीर्याने सांगता त्याला तोड नाही.

मग येतं पंचांग. गट बाहेरगावच्या मुलांचा असेल तर ही मदत सोन्यासारखी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा, आणि त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक. पूर्व नागपुरात त्या दिवशी वर्ग भरत नाही आणि आदल्या-नंतरच्या दिवशीही हजेरी अर्धी असते. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. म्हणजे २०२४ आणि २०२५ चे ऑगस्ट शेजारी ठेवले की घट दिसणारच, आणि ती तिथीने आणलेली असते. दसरा-दिवाळीचंही तसंच. दीक्षाभूमीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दसऱ्याच्या आसपास दिसत नाहीत. छत्तीसगड-बालाघाटकडची कुटुंबं सणाला गावी गेली की आठ-पंधरा दिवसांनी परततात. जूनची तुलना तर पुण्या-मुंबईच्या आकड्यांशी करूच नये, कारण उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात आणि इथल्या जूनमध्ये मोजण्यासारखे दिवसच थोडे असतात. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्गनिहाय बंद दिवसांना गोल करून ठेवता. ती कॅलेंडरं फेकली नाहीत याबद्दल वेगळे आभार, कारण जुन्या वर्षांचा छेद त्यांच्याशिवाय काढता आला नसता.

नावांच्या जुळणीतही तुमचं ऋण आहे, जरी हा भाग दिसायला किरकोळ वाटतो. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हेने टाइप होतं. एका कळफलकावर ‘ऱ’ हे अक्षर वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण कॉम्प्युटर त्यांना दोन वेगळी नावं समजतो आणि एका मुलाची दोन मुलं होतात. पूजा-पुजा, जरीपटका-जरिपटका हे तर नेहमीचंच. तुमच्या जुन्या याद्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली नसून दिसण्याच्या क्रमाने असतात. घर क्रमांक १२/३ असा टाइप केला की एक्सेल त्याचा १२ मार्च करतं. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी १२/३ परत येत नाही. २०२५ मध्ये टाइप केलं असेल तर तिथे ४५७२८ हा आकडा उरतो. रकाना आधी टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं, हा क्रम उलटला की मूळ वही पुन्हा काढण्याला पर्याय नाही. तुम्ही प्रत्येक वेळी मूळ वही पुन्हा काढून दिलीत, तेही वही संस्थेबाहेर न जाऊ देता.

जन्मतारखांचं तुम्ही पहिल्याच बैठकीत सांगून टाकता. यादीत १ जून ही तारीख भरमसाट दिसते, कारण शाळेत नाव घालताना दाखला नसला की तीच टाकली जायची. वय महिन्यांत काढून त्यावर आलेख रचणाऱ्या गटाचे सगळे कष्ट त्याने वाचतात. वय वर्षांत घ्यावं, जमलं तर इयत्ता घ्यावी.

आता प्रश्नाबद्दल. बहुतेक गट येतात ते डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे-आलेख एकत्र दाखवणारा पडदा, करायचा असं ठरवून. तुम्ही शांतपणे विचारता की हे पाहून संस्था काय वेगळं करेल. या विचारण्याने प्रकल्पाची दिशा बदलते. ‘हजेरीचं विश्लेषण’ हा प्रश्न नाही. ‘वर्गाची वेळ ६ वरून ७ केल्यावर पाचवी ते सातवीच्या मुलींची हजेरी बदलली का’ हा प्रश्न आहे, कारण उत्तर हो आलं तर वेळ फिरवता येते. असा प्रश्न कागदावर आला की काय लागेल तेही कळतं: बदलाची नेमकी तारीख, आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिने, दोन्ही काळात पटावर असलेल्याच मुली, आणि ज्या वर्गाची वेळ बदलली नाही असा एखादा शेजारचा वर्ग. हा शेवटचा नसेल तर परीक्षेचा, पावसाचा, सणाचा सगळा परिणाम वेळेच्या खात्यावर जमा होतो.

शेजारचा वर्ग निवडतानाही तुमची माहिती लागते. १२ मुलांच्या वर्गात एक मूल आलं नाही तर हजेरी साधारण सव्वाआठ टक्क्यांनी खाली येते; ६० च्या वर्गात दोन टक्केही नाही. वर्गांची टक्केवारीनुसार उतरंड लावली की लहान वर्ग कधी अगदी वर तर कधी अगदी तळाशी सापडतात, आणि त्यात शिक्षिकेचा गुण-दोष काहीच नसतो. अशी क्रमवारी भिंतीवर लावायला तुम्ही ठाम नकार दिलात. तो नकार संख्याशास्त्राच्या कसोटीवर शंभर टक्के बरोबर आहे.

मुलांची नावं विद्यापीठात येऊ न देण्याचा तुमचा नियम आता आमचाही नियम झाला आहे. नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडयादी फक्त तुमच्या संगणकावर. गटाला मिळतात ते क्रमांक. ते पटावरच्या क्रमाने द्यायचे नाहीत, नाहीतर वही समोर असलेला कुणीही ओळखेल. वहीचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटात टाकायचे नाहीत, कारण ते प्रत्येकाच्या गॅलरीत आणि तिथून ऑनलाइन साठ्यात जाऊन बसतात. संस्थेच्याच फोनवर, ठिकाणाची नोंद बंद करून फोटो काढायचे आणि टाइपिंग तपासून झालं की पुसायचे. अहवालात पाचपेक्षा कमी मुलांचा आकडा छापायचा नाही. ‘चौथीतली, छत्तीसगडी बोलणारी, ऐकू कमी येणारी मुलगी’ असं लिहिलं की वस्तीत नाव सांगायची गरज उरत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली. तुमच्याकडे पालकसभेत हिंदी-मराठीत वाचून दाखवायचा संमतीचा कागद आहे आणि तो एका पानाचा आहे. एक पान आहे म्हणूनच तो खरोखर वाचला जातो. इतर संस्थांकडे जाणाऱ्या गटांनाही आम्ही तोच नमुना देतो आहोत, तुमच्या परवानगीने.

टाइपिंग तपासायची तुमची रीत साधी आणि पक्की आहे: दर दहा पानांतलं एक पान दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करायचं आणि रकान्याला रकाना लावून पाहायचा. शंभरात एक चूक धरली तरी ११,१६० रकान्यांत सुमारे ११२ चुका होतात. फरक जास्त निघाला तर तो सगळा गठ्ठा पुन्हा टाइप करायचा. मुलं कुरकुरतात, पण ज्या गटाने हे केलं त्याला शेवटच्या आठवड्यात धावपळ करावी लागत नाही.

शेवटच्या आठवड्याचं सांगायचं तर, काम संस्थेच्या हाती कसं सोपवायचं हे आम्हाला तुमच्यामुळे नीट मांडता आलं. गुगल फॉर्म विद्यार्थ्याच्या खात्यावर असेल तर विद्यार्थी पास होऊन गेल्यावर चाव्याही त्याच्याबरोबर जातात. म्हणून फॉर्म पहिल्या दिवसापासून संस्थेच्या खात्यावर. प्रोग्राम लिहून केलेला देखणा डॅशबोर्ड पुढच्या जूनमध्ये बंद पडला तर दुरुस्त कोण करणार? तुम्हाला हवी असते दोन पानांची एक्सेल फाइल, ज्यात महिन्याची हजेरी भरली की टक्केवारी आपोआप निघते, आणि सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत लिहिलेला एक कागद. गट ही फाइल तुमच्यासमोर बसून, तुम्हालाच भरायला लावून तपासतो. तुम्ही अडलात की फाइल बदलायची, तुम्हाला समजावत बसायचं नाही. पालकांसाठी एकच आलेख, तोही सातनंतर, कामावरून माणसं परतल्यावर.

एक गोष्ट मात्र आम्ही तुमचं देणं लागतो. दोन श्रेयांकांचा क्षेत्रप्रकल्प म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण ६० तास. ते गुणपत्रिकेत दिसतात. तुम्ही वह्या काढून देता, खुणा समजावता, फाइल तपासता, ते तास कुठेच लिहिले जात नव्हते. येत्या सत्रापासून प्रत्येक प्रकल्पाच्या नियोजनात संस्थेतल्या माणसाच्या तासांचा स्वतंत्र रकाना असेल, गटाने एका वेळी एकाच ठरलेल्या दिवशी यायचं, आणि मार्चमध्ये तुमचा वार्षिक अहवाल चालू असताना कुणीही वह्या मागायला यायचं नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर, तुमची हरकत नसेल तर, विद्यार्थ्यांच्या नावांबरोबर तुमचं नाव येईल. कसं लिहायचं ते कळवा.

नवा गट जुलैच्या पहिल्या आठवड्यात येईल. पाच जण आहेत, दोघांना छत्तीसगडी येते. प्रश्नाचा कागद ते आधी पाठवतील. तो पटला नाही तर बेधडक परत पाठवा.

आपले,
प्रकल्प मार्गदर्शक आणि विद्यार्थी गट