घोडा का अडला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ स्वारांचं पत्र वाचलं. एकट्याने बाहेर काढलं की बुजणाऱ्या, अडून बसणाऱ्या घोड्याला ‘एकदाच काय तो धडा’ द्यावा, मागे वळू म्हणून देऊ नये, टाच आणि चाबूक दोन्ही वापरावेत, वर कोण बसलंय हे त्याला एकदा कळलं की तो जन्मात पुन्हा अडत नाही, असा त्यांचा सल्ला. जुन्या घोडदळातले लोक असंच करत, असंही त्यांनी लिहिलंय. मी हा सल्ला तंतोतंत पाळलेली बाई आहे. माझं डावं मनगट त्याची साक्ष देईल. आभाळ भरून आलं की अजूनही देतं.

माझी घोडी कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, नऊ वर्षांची. कपाळावर चांदणी आहे म्हणून नाव चांदणी. नाव ठेवताना आम्ही कुणी फार डोकं चालवलं नव्हतं. मी स्वतः एक्केचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा रिकिबीत पाय घातला, त्यामुळे पडायची भीती मला पहिल्या दिवसापासून आहे आणि ती लपवण्यात मी तरबेज आहे. निदान माणसांपासून. उभी हयात गणित शिकवण्यात गेली, म्हणून काहीही मोजल्याशिवाय चैन पडत नाही. तबेल्याच्या फाटकापासून निघणाऱ्या कच्च्या वाटेवर विजेचे खांब आहेत. आमचा सगळा हिशेब त्या खांबांत चालतो.

चार घोडे सोबत असले की चांदणी कुठेही जायची. एकटी निघाली की सातव्या खांबाशी चाक रुतल्यासारखी थांबायची. तिथे कुंपणावर निळं प्लास्टिकचं कापड बांधलेलं आहे आणि वाऱ्याबरोबर ते फडफडतं. एके दिवशी मी ठरवलं, बस्स. टाच मारली, दोन फटके दिले. ती वाटेच्या पार पलीकडच्या काठाने उडी मारून पुढे गेली आणि मी लढाई जिंकल्याच्या थाटात घरी आले. दुसऱ्या दिवशी ती पाचव्या खांबाशी अडली. पुन्हा फटके, पुन्हा विजय. मग तिसऱ्याशी. आठवड्याभरात फाटकातून पाऊल बाहेर टाकेना. त्या दिवशी मी जरा जास्तच जोर लावला. ती जागच्या जागी गर्रकन फिरली आणि मी न फिरता सरळ गेले.

मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. त्या सहा आठवड्यांत मी जे शिकले ते आधीच्या सहा वर्षांत शिकले नव्हते, आणि त्याचं कारण एवढंच, की मी खाली होते. आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, दोर धरून चांदणीला वाटेवर न्यायचे आणि मी गळ्यात हात अडकवून बाजूने चालायचे. खोगिरावरून घोड्याचे फक्त कान आणि मानेचा वरचा भाग दिसतो. चेहरा दिसतच नाही. बाजूने चालताना दिसलं की सातव्या खांबाशी अडणारी घोडी चौथ्यापाशीच बदलते. खालचा ओठ, जो एरवी सैल लोंबत असतो, तो आवळला जातो. डोळ्याच्या वर एक तिरपी सुरकुती उठते. पाचव्या खांबाशी डोळ्यांची उघडझाप कमी होते, नाकपुड्या गोल होतात. सहाव्याशी पावलं आखूड. सातव्याशी मान ताठ, आणि मग आम्ही म्हणायचो, ‘बघा, अचानक बुजली!’ अचानक काहीच नव्हतं. तीन खांब ती सांगत होती आणि मी वर बसून तिच्या कानांच्या मधून क्षितिज न्याहाळत होते.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं कोडं आहे: घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. मला त्याचा आणखी एक अर्थ लागला. ती वळेपर्यंत मी तिला कधीच वळवलं नव्हतं.

म्हणून आम्ही तिसऱ्या खांबापर्यंतच जायला लागलो. ओठ सैल, मान खाली, तिथे थांबायचं. दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं, तिला गवताला तोंड लावू द्यायचं आणि ती अजून निवांत असतानाच परत फिरायचं. तिने मागायच्या आधी. मोतद्दारांना हे पोरखेळ वाटलं असणार, पण ते बोलले नाहीत. तिसऱ्या खांबाशी आम्ही नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी चौथा. तिथे पाच दिवस. मग पाचव्यावरून पुन्हा तिसऱ्यावर यावं लागलं, कारण वारा सुटला होता. आणि एके सकाळी, का ते मला आजही सांगता येणार नाही, ती सातव्या खांबाशी स्वतःहून थांबली, निळ्या कापडाकडे मान लांब करून फुरफुरली, एक पाऊल पुढे गेली, हुंगलं, आणि खालचं गवत खाऊ लागली. त्या दिवशी अकराव्या खांबापर्यंत गेलो.

ज्येष्ठ स्वारांचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करते. घोडा गिरकी घेतो त्या क्षणी त्याला घरी नेलं तर गिरकी घेतली की घरी जाता येतं, हेच तो शिकतो. म्हणून अंदाज चुकला, उशीर झाला आणि तो घाबरलाच, तर तिथून धूम परत नाही. पण पुढे ढकलायचंही नाही. वळू लागला तर एका लगामाने त्याचं तोंड पुन्हा त्या वस्तूकडे आणायचं, हवं तर दोन पावलं मागे घ्यायचं, जिथे त्याला उभं राहणं झेपेल तिथे, आणि थांबायचं. मान खाली येईपर्यंत, मोठा श्वास सुटेपर्यंत, जबडा हलेपर्यंत. मग शांतपणे वळायचं. आम्हाला एकदा यात वीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते.

आता जुन्या घोडदळाबद्दल. सुमारे २४०० वर्षांपूर्वी झेनोफन या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर लिहून ठेवलंय. घाबरलेल्या घोड्याला मारून त्या वस्तूजवळ नेलं तर त्याची भीती वाढते, कारण मार बसला तो त्या वस्तूमुळेच, असं त्याला वाटतं, हे त्यात आहे. माझी घोडी सातव्या खांबावरून पाचव्यावर आणि पाचव्यावरून तिसऱ्यावर का सरकली, ते त्या एका वाक्यात आलं. याहून जुनं घोडदळ पत्रलेखकांकडे असेल तर मला वाचायला आवडेल.

घोड्याला दिसतं कसं, हे मी जरा उशिराच वाचलं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास ३५० अंशांचा घेर त्याला दिसतो. पण नाकाखालचं, कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. नीट बघायला त्याला मान वर-खाली करावी लागते. आम्ही मोरीवरून जाताना लगाम आवळून धरायचो, म्हणजे ज्या गोष्टीची तिला भीती तीच तिला बघू द्यायची नाही! लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला नीटसा कळत नाही, निळा आणि पिवळा मात्र कळतो. आमच्या कुंपणावरचं कापड नेमकं निळं. उन्हातून एकदम गर्द सावलीत शिरलं तर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा झाडाखाली थबकणारा घोडा अडेल असतोच असं नाही. आणखी एक. जाताना शांतपणे ओलांडलेली वस्तू येताना दुसऱ्या बाजूने नवीच दिसू शकते. त्यामुळे ‘आत्ताच तर बघितलंस ना’ हे वाक्य मी सोडून दिलंय.

या सगळ्याच्या आधी करायची गोष्ट मी नंतर केली, ती सांगते. पशुवैद्यांना बोलावून डोळे, दात आणि पाठ बघून घेतली. डोळे आणि दात ठीक निघाले, पण खांद्यामागे दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे केस होते, जिथे खोगीर दाबत होतं. मला वाटायचं जन्मखूण आहे. खोगिराची भर बदलून घेतली. ज्या घोडीला दर पावलाला पाठीत रुततंय, तिला निळ्या कापडाबद्दल समजुतीने वागायला सांगणं जरा अतीच होतं. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तीही कमी केली, कारण प्लास्टरच्या काळात काम निम्म्यावर आलं होतं. आणि दिवसाचे अठरा तास ती कोंडलेली असायची, ते कमी करून मोकळ्या आवारात दुसऱ्या घोड्यांबरोबर सोडायला सुरुवात केली. घोडा कळपातला प्राणी. इतर घोडे सोबत असतात तेव्हा चार डोळे, आठ डोळे पहारा देतात. एकटा निघाला की सगळा पहारा त्याच्या एकट्यावर. रात्रभर कोंडून ठेवलेल्या जनावराला सकाळी थेट त्या पहाऱ्यावर पाठवणं मला आता पटत नाही.

प्लास्टर निघाल्यावर लगेच वर बसले नाही. आधी मोतद्दारांना मागे ठेवून मी एकटीच तिला दोरीने न्यायला लागले. मग खोगीर घालून चालवत नेलं आणि परतीच्या वाटेवर, घराकडे तोंड असताना, वर बसले. कारण घराकडे ती आपसूक चालते, तेवढंच मला सोपं. मग बसण्याची जागा रोज थोडी लांब. तबेल्यातला एक म्हातारा, कशालाच न बुजणारा घोडा काही दिवस सोबत घेतला. पण त्याला कायम पुढे ठेवलं नाही, नाहीतर ती त्याच्या शेपटीला चिकटते. कधी पुढे, कधी बरोबरीने, कधी मागे. मग एका वळणावर तो थांबायचा, आम्ही वीस पावलं पुढे जाऊन परत यायचो. वीसचे चाळीस. तिने खिंकाळून हाक मारली की त्या दिवशी तेवढंच. परतताना दुडकी नाही, साधी चाल. घरी पळत यायची सवय लागली की घर म्हणजे सुटका, असं समीकरण पक्कं होतं.

राहता राहिली मी. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं घोड्याला धरून किंवा त्यावर बसून तेच अंतर पुन्हा पुन्हा कापत होती. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. हे वाचून मला सातवा खांब आठवला. सहाव्याशीच माझ्या मांड्या आवळायच्या, लगाम आखूड व्हायचा आणि श्वास अडकायचा. चांदणीला बिचारीला वाटत असणार, वरचीला काहीतरी दिसलंय. म्हणून मी आता मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणते. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही, आणि एकोणतीसचा म्हणताना दुसरा विचारही करता येत नाही. वाटेवरून जाणारे हसतात. चांदणीचा एक कान मात्र माझ्याकडे वळलेला असतो.

इतर काही गोष्टी थोडक्यात. एकटीने निघताना डोक्यावर हेल्मेट असतंच. फोन खोगिराच्या पिशवीत ठेवत नाही, अंगावर ठेवते, कारण घोडा गेला तर फोन त्याच्याबरोबर जातो. कुठल्या वाटेने जातेय आणि कधी परतेन हे सांगून निघते. वाहनांच्या रस्त्यावर हे असले प्रयोग मी करत नाही. आणि काही घोडे एवढं करूनही एकटे जात नाहीत. त्यांना सोबतीने न्यावं. त्यात स्वाराची नाचक्की कसली?

परवा आम्ही एकट्या एकतिसाव्या खांबापर्यंत गेलो. पुढे पूल आहे, त्याच्या लोखंडी जाळीखाली पाणी दिसतं. तिचा खालचा ओठ अजून सैल होता, पण नाकपुड्या पूर्वीसारख्या नव्हत्या. मी तिथेच वळले.

पत्रलेखकांना एवढंच विचारायचं आहे: ज्या घोड्याला त्यांनी ‘एकदाच’ धडा दिला, तो दिवसाचे किती तास कोंडलेला असायचा आणि त्याची पाठ कुणी दाबून बघितली होती का? त्यांच्या पत्रात ते आलेलं नाही.

आपली,
एक गणित-शिक्षिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)