हायडेलबर्गमधला तुझा वसंत

फलटण, एप्रिल 2026

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू जर्मनीतल्या हायडेलबर्गहून पाठवलेला लहान मुलांच्या मिरवणुकीचा व्हिडिओ घरात सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बघितला. प्रत्येकाच्या हातात लांब काठी, तिला रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, वर अडकवलेला प्रेत्झेल नावाचा पिळाचा पाव आणि अंडं. आजी बघताक्षणी म्हणाली, "ही तर गुढीच!" ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी तिकडची मुलं अशी हिवाळ्याला निरोप द्यायला निघतात, शेजारच्या वाइनहाइमला तर शेवटी हिवाळ्याचा पुतळा पेटवून देतात, हे वाचून मला फार आनंद झाला. यंदा तो रविवार ऐन पाडव्याच्या तोंडावर आला होता. इकडे पाडव्यानंतर शिखर शिंगणापूरच्या महादेवाला जाणाऱ्या कावडींची गर्दी सुरू झाली. द्वादशीला सासवडच्या तेल्या भुत्याची कावड मुंगी घाट चढली आणि बाबा नेहमीप्रमाणे उन्हात तळपत बघायला गेले. आता इथे दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही.

तुझी मे-जूनमधल्या सहलींची यादी बाबांनी मोठ्याने वाचून दाखवली. 1 मेच्या शुक्रवारला जोडून प्राग, 14 मेच्या सुट्टीला जोडून पॅरिस, 25 मेच्या सोमवारला जोडून व्हिएन्ना, 4 जूनला जोडून ॲमस्टरडॅम. मोह मला समजतो. एकदा तिकडे गेल्यावर सगळं बघून घ्यावंसं वाटणारच, आणि युरोपातल्या देशांच्या शेंगेन करारामुळे सीमेवर अडवाअडवी फारशी नाही. पैशाबद्दल मी बोलत नाही, ते तू स्वतः साठवलेस. पण मुक्ता, तुला हायडेलबर्गला एकच सत्र मिळालंय. शुक्रवारी रात्री पाठीवर पिशवी टाकून निघायचं, बसस्टँडवर झोपायचं, सोमवारी पेंगत लेक्चरला बसायचं, आणि ज्या गावात राहतेस तिथला वसंत खिडकीतून बघायचा, हे मला पटत नाही. त्या स्वस्त विमानाच्या तिकिटावर 'फ्रँकफर्ट हान' लिहिलंय ना, ते नीट बघ. नाव फ्रँकफर्टचं असलं तरी तो विमानतळ फ्रँकफर्ट शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. मध्यरात्री तिथे एकटीने पोचायचं कसं, याचा आधी हिशेब कर.

माझं म्हणणं असं, की चारपैकी दोन ठेव. प्राग ठेवच. उरलेले शनिवार-रविवार तुझ्या गावच्या नेकार नदीकाठी आणि आसपास घालव. महिन्याच्या 63 युरोंच्या तिकिटावर देशभरातल्या लोकल आणि पॅसेंजर गाड्या चालतात, फक्त लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत बसता येत नाही. मग त्याच तिकिटावर श्पायरला जा. तिथलं कॅथेड्रल अकराव्या शतकातलं आहे, खाली तळघरात सम्राटांच्या कबरी आहेत. श्वेट्झिंगेनच्या राजवाड्याच्या बागेत तू चेरीचा फुलोरा बघून आलीस, पण फोटोत तुझ्या मागे जी मशीद दिसते तिच्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीस! अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या राज्यकर्त्याने ती नमाजासाठी बांधलेली नव्हती, बागेची शोभा म्हणून बांधली होती. पूर्वेकडच्या जगाबद्दल त्या काळी युरोपात काय कल्पना होत्या, ते त्या भिंतींवर दिसेल. पुन्हा जा, आत शिरून सावकाश बघ. आता तिथला पांढरा अस्पॅरॅगसही (कोवळ्या कोंबांची भाजी) बाजारात येईल, 24 जूनपर्यंतच मिळतो म्हणतात. खाऊन बघ आणि कसा लागतो ते कळव.

आणि एक काम माझ्यासाठी कर. तुझं फिजिक्स नदीपलीकडे, पण अलीकडच्या बाजूला साउथ एशिया इन्स्टिट्यूट आहे, 1962 साली सुरू झालेली. तिथे डॉ. गुंथर सोन्थायमर शिकवायचे. मी वर्गात लोकसाहित्य शिकवते तेव्हा त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. हा माणूस मूळचा कायद्याचा अभ्यासक, हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर काम केलेला. पुढे महाराष्ट्रात आला, मराठी शिकला आणि धनगरांच्या मागोमाग माळरानं तुडवू लागला. मेंढ्यांच्या वाड्यावर रात्री बसून धनगर ओवी गातात, आधी गाऊन आणि मग तीच कथा गद्यात सांगत. ते सगळं त्यांनी टेपवर उतरवून घेतलं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या आपल्या देवांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये आला. 1992 साली ते गेले.

विचार कर, फलटण-माणच्या या कोरड्या पट्ट्यातल्या मेंढपाळांची गाणी नेकार नदीकाठच्या एका प्राध्यापकाने आयुष्य घालून जपली. महाराष्ट्र एका आठवड्यात उरकून त्यांना हे साधलं नसतं. ते परत परत त्याच वाटांनी गेले, त्याच माणसांपाशी बसले. तूही निदान दोन-चार माणसांपाशी तशी बस. ज्या बेकरीतून रोज ब्रेड घेतेस त्या बाईंशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोल. तुझ्या मजल्यावरची ती ग्रीक मुलगी ईस्टरला घरी गेली नाही म्हणालीस, तिला पोहे करून घाल. आणि त्या संस्थेच्या ग्रंथालयात एकदा जा, मराठी पुस्तकांची कपाटं शोध. सोन्थायमरांचं पुस्तक हातात घे, वाचता नाही आलं तरी चालेल. त्याचा फोटो मला पाठव, माझ्या मुलांना वर्गात दाखवायचाय.

नेकारच्या काठाने पायी जायची तुझी कल्पना मला सगळ्यात आवडली. हायडेलबर्गहून निघून बाड विम्फेनपर्यंत ती वाट सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. सगळी चालायला नको, रविवारी एकेक टप्पा कर. पण दोन गोष्टी कटाक्षाने पाळ. एक, जंगलात आता रानलसणाची पानं उगवतात, त्याची चटणी करणार म्हणालीस. ती पानं स्वतः खुडू नकोस. तशाच दिसणाऱ्या दोन वनस्पती अतिशय विषारी आहेत आणि एकदा हाताला लसणाचा वास लागला की वासावरून ओळखता येत नाही. बाजारातून जुडी आण. दुसरं, तिथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो. तुमचं राज्य त्या धोक्याच्या भागात मोडतं. पायघोळ पँट मोज्यात खोचून जा, परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघ, आणि लसीबद्दल डॉक्टरांना विचार. हसू नकोस, खरंच विचार.

तिकडचं घड्याळ पुढे गेल्यापासून आपल्यात साडेतीनच तासांचं अंतर राहिलंय, त्यामुळे तुझं दुपारचं जेवण झालं की फोन केलास तरी आम्ही सगळे चहाला घरीच असतो. आजीशी आधी बोल, तिला त्या काठ्यांबद्दल बरंच विचारायचंय. शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवत जा, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून उपाशी राहिल्याचं मला पुन्हा ऐकायचं नाही. आणि व्हिएन्नाचं तिकीट अजून काढलं नसशील तर या रविवारी आपलं बोलणं होईपर्यंत थांब.

तुझी,
आई